खाडीचा वाटा

जहाज रिकामं आलं असं आपण सहज म्हणून जातो, पण जहाज कधी रिकामं येत नाही. माल उतरला की त्याचं पोट हलकं होतं, आणि हलक्या पोटाच्या जहाजाला भर समुद्रात कलंडायला वेळ लागत नाही. म्हणून निघताना ते त्या बंदराचंच पाणी पोटातल्या टाक्यांत भरून घेतं आणि जिथे नवा माल चढवायचा तिथे ओतून टाकतं. या पाण्याला बॅलास्ट म्हणतात. त्या पाण्याबरोबर फुकटचे प्रवासी येतात: शिंपल्यांच्या अळ्या, खेकड्यांची अंडी, शेवाळाचे कण. तिकीट नाही, पासपोर्ट नाही, आणि एकदा का परक्या खाडीत उतरले की परत जायचं नावही काढत नाहीत.

असाच एक पाहुणा पंधरा-वीस वर्षांपूर्वी खारवणच्या खाडीत उतरला होता. नखाएवढा काळा शिंपला. कुठून आला, कोणत्या जहाजातून आला, कुणी सांगू शकलं नाही. आधी धक्क्याचे खांब काळे झाले, मग होड्यांचे तळ, मग खाडीचा सगळा चिखल. आणि त्या चिखलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे तिसरे, म्हणजे इथले खायचे शिंपले, बोराएवढे, पाठीवर तपकिरी रेघा असलेले, चार पावसाळ्यांत संपून गेले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी खाडीची गत झाली.

त्यानंतर खारवण बंदरात बॅलास्ट शुद्ध केल्याशिवाय ओतायची बंदी आली. पाणी गाळायचं, त्यावर अतिनील प्रकाश सोडायचा, समुद्राच्याच मिठातून विजेनं क्लोरीन काढून तो मिसळायचा, आणि सगळं मेल्यावर मगच खाडीत सोडायचं. यात सुक्याबरोबर ओलंही जळायचं. परक्या शिंपल्याबरोबर जवळच्या बंदरांतून आलेल्या पाण्यातली आपल्या कोळंबीची पिल्लंही मरायची. त्यावर तोडगा म्हणून तीन वर्षांपूर्वी, म्हणजे २०४९ साली, ‘पारख’ आली.

पारख हे धक्क्याला बांधलेल्या तराफ्यावरचं यंत्र. जहाजातलं पाणी तिच्यात केसाएवढ्या बारीक हजारो नळ्यांतून जातं. नळीतून एका वेळी एकच जीव पुढे सरकतो, आणि सरकता सरकता यंत्र त्याची जनुकं वाचतं. प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याचं कूळ आणि मूळ गाव लिहिलेलं असतंच. परका निघाला तर लाल दिवा, प्रकाशाचा एक झोत, खेळ खलास. इथला निघाला तर हिरवा दिवा, आणि झडप उघडून तो सुखरूप खाडीत. कायद्यानंच इथल्या जिवांना अभय दिलं होतं. फक्त एक अधिकार माणसाच्या हातात ठेवला होता. तराफ्याच्या प्रमुखाकडे एक किल्ली होती. ती फिरवली की यंत्र काही म्हणो, सगळी टाकी लाल.

ती किल्ली सुगंधा तांडेलच्या गळ्यात होती. चाळिशी ओलांडलेली, सडसडीत, बोलायला तुटक, आणि याच खाडीच्या काठावर जन्मलेली. किल्ली तिने आजवर कधी फिरवली नव्हती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ‘नूरा’ नावाचं जहाज सिलिकाची वाळू न्यायला धक्क्याला लागलं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या किझुवानीहून आठ दिवसांत आलं होतं, आणि त्याचं स्वतःचं शुद्धीकरण यंत्र वाटेतच बंद पडलं होतं. त्यामुळे टाक्यांतलं पाणी जसं भरलं तसं, जिवंत होतं. सुगंधाने नमुन्याची नळी जोडली आणि नेहमीप्रमाणे लाल दिव्यांची वाट बघत उभी राहिली.

दिवा हिरवा लागला. मग दुसरा, मग तिसरा, मग सगळी फळीच हिरवीगार झाली. पडद्यावर नाव आलं: शिंपला तिसरी, मूळ खारवण खाडी.

“खुळावलं यंत्र,” ती स्वतःशी म्हणाली. नळ्या धुतल्या, पुन्हा नमुना घेतला. पुन्हा तेच नाव. तिने सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला. त्यात पारदर्शक, इवल्या अळ्या गरगरत होत्या, आणि त्यांच्या कडांना शिंपल्याचं पहिलं पातळ कवच धरलं होतं. ती तिथल्या स्टुलावर बसली.

किझुवानी हे नाव तिला नवं नव्हतं. तिचे बाबा, दिगंबर तांडेल, तिथेच राहून गेले होते.

ती चौथीत असताना ते जहाजावर खलाशी म्हणून गेले. जाण्याच्या दिवशी सकाळच्या सुकतीला, पाणी ओसरल्यावर, आई तिला घेऊन खाडीत उतरली होती. दिगूला जिवंत तिसरे हवे होते. ओल्या गोणपाटात गुंडाळले तर पंधरवडाभर टिकतात, जहाजावर एक दिवस तरी घरचं खाईन, असं त्याचं म्हणणं. खारवणच्या बायकांची एक रीत होती. तिसऱ्यांची पहिली मूठ खाडीला परत द्यायची. तो खाडीचा वाटा. तोही सरळ टाकायचा नाही. खाडीकडे पाठ करून, खांद्यावरून मागे भिरकवायचा, आणि वळून बघायचं नाही. दिलेलं बघायचं नसतं, म्हणायच्या. त्या दिवशी आईने गंमत म्हणून पहिली मूठ दिगूच्या हातात दिली होती. तो पुरुष, त्याने हे कधी केलेलं नव्हतं. त्याने हसत हसत मूठ मागे फेकली, गोणपाट खांद्यावर टाकलं आणि होडीत बसला. सुगंधा काठावरून “बाबानू, बाबानू” ओरडत होती. समुद्रावर जाणाऱ्यानेही मागे बघायचं नसतं. त्याने बघितलं नाही.

आधी फोन येत. मग विरळ झाले. मग गावातल्या एका खलाशाने येऊन सांगितलं, की दिगू किझुवानीला उतरला तो उतरलाच. बरा आहे. तिथे त्याचं लहानसं हॉटेल आहे, आणि घरही. ‘घर’ हा शब्द उच्चारताना तो खलाशी जमिनीकडे बघत होता. त्या दिवसापासून सुगंधाच्या आईने, चंद्राबाईने, नवऱ्याचं नाव घेतलं नाही, कुंकूही पुसलं नाही, आणि खाडीचा वाटा टाकणं मात्र बंद केलं.

पुढे तिसरे संपले तेव्हा चंद्राबाई एवढंच म्हणाली होती, “माजोच हात लागलो खाडीक.” सुगंधाने तिला काळ्या शिंपल्याचं शास्त्र परोपरीने समजावलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली, पण मत बदललं नाही.

सुगंधाने बॅलास्टचंच शास्त्र का शिकावं, हे तिला कुणी विचारलं तर ती नोकरीचं कारण सांगे. खरं कारण असं की ज्या वाटेने बाबा गेले त्याच वाटेने रोज काही ना काही येत होतं, आणि त्या वाटेच्या तोंडाशी तिला बसायचं होतं. तरी किझुवानीहून जहाज आलं की ती खलाशांना काही विचारत नसे. विचारलं नाही तोवर काहीही असू शकतं.

दुपारपर्यंत बातमी धक्काभर झाली. बंदराचे व्यवस्थापक मोंडकर धापा टाकत तराफ्यावर आले.

“तांडेल मॅडम, खरं काय? तिसरे?”

“अळ्या आहेत. लाखोंनी.”

“अहो, मग बघताय काय? सोडा!” मोंडकरांचा चेहरा वाटीभर तिसऱ्यांचा रस्सा समोर आल्यासारखा झाला होता. “संध्याकाळच्या भरतीला पाणी सोडू. मी चॅनेलवाल्यांना बोलावतो. माझी आज्जी तिसऱ्यांचं सुकं करायची, मॅडम, त्याच्या वासावर आम्ही शाळा सोडून घरी यायचो. माझ्या मुलांनी त्याची चव नाही बघितली. लोक तुमच्या नावाने गोडधोड करतील.”

“तपासणी पूर्ण होऊ दे.”

“यंत्र हिरवं म्हणतंय ना? मग झालं की! संध्याकाळपासून वाळू चढवायची आहे, जहाज थांबवता येणार नाही,” असं म्हणत ते फोन कानाला लावून गेले.

काळा शिंपला आता उतरणीला लागला होता. खाडीच्या वरच्या अंगाला चिखल पुन्हा मोकळा होत होता. आज अळ्या सुटल्या तर दोन वर्षांत तिसरे हाताला लागले असते. आई सत्तरी पार करून पुढे गेली होती, पण दोन वर्षं तिच्याकडे होती.

सुगंधाने जनुकांचा तपशील उघडला. तिला एक कोडं सुटत नव्हतं. इथले तिसरे तिथे गेले कसे? उत्तर सोपं वाटत होतं: इथून गेलेल्या कुठल्यातरी जहाजाच्या बॅलास्टमधून. पण बॅलास्टमधून अळ्या जातात त्या लाखांनी, आणि त्यांच्याबरोबर सगळ्या खाडीची विविधता जाते. एखादं अख्खं गाव उठून गेलं तर सगळी आडनावं बरोबर जातात, तसं. शिंपल्याच्या पेशीत आईकडून लेकराकडे येणारा एक धागा असतो, तो बदलत नाही. त्यावरून आया मोजता येतात. सुगंधाने पारखेला त्या मोजायला सांगितल्या.

इतक्या लाख अळ्यांच्या मिळून आया निघाल्या जेमतेम दहा-बारा. अख्ख्या गावाला दोनच आडनावं असावीत तसं. म्हणजे नर धरून मूळचे तिसरे वीस-पंचवीस.

ती पडद्याकडे बघत राहिली. वीस-पंचवीस तिसरे बॅलास्टमधून जात नाहीत. ते माणूस नेतो. आणि मोठ्या माणसाच्या हातात वीस-पंचवीस तिसरे म्हणजे किती, हे खारवणच्या कुठल्याही पोरीला सांगावं लागत नाही.

जेवायच्या वेळी ती घरी गेली. चंद्राबाई पडवीत बसून कालवं फोडत होती. तिसरे गेल्यावर खाडीच्या खडकांवरची कालवं तेवढी उरली होती, आणि काठावरच्या चाळीसेक घरांची चूल त्यांवर पेटत होती.

“काय गो, आज दुपारीच इलंस?”

“आये, तिसरे गावले.”

कोयती थांबली. “खंय?”

“जहाजाच्या पाण्यात. आपलेच आसत. हयसूनच गेलेले.”

“कोणी नेल्यान?”

सुगंधा उंबऱ्यावर बसली. “एक मूठ गेली हुती, आये. तेवढीच. जहाज किझुवानीहून इलाहा.”

हातातलं कालव चंद्राबाईने पुन्हा पाटीत ठेवलं.

“जहाजार खाऊक नेल्यान हुते,” ती म्हणाली. “खाल्ल्यान नाय सगळे. थंय उतारल्यार पयली मूठ पाण्यात टाकल्यान आसतली. माझ्याच हातान शिकवलंय ना तेका.” मग तिने पदराने तोंड पुसलं, आणि पुसता पुसता ती हसली. इतक्या वर्षांत त्या माणसाच्या नावाने ती पहिल्यांदाच हसत होती. “मी हय सोडलंय, आणि तो थंय टाकित बसलो. बघ कसो आसा!”

“सोडू काय, आये? खाडीत?”

“माका कित्याक इचारतस? तू शिकलंस,” चंद्राबाई म्हणाली. पण सुगंधा जायला उठली तेव्हा तिने मागून हाक मारली. “गो, तिसऱ्यांका वरचो चिखल बरो. जांभळीच्या कडेचो. थंय सोड.”

सुगंधा तराफ्यावर परतली ती पळतच. तिच्या मनात आता कसला किंतू उरला नव्हता. बाबा मागे बघत नव्हते, पण मूठ टाकत होते. आणि त्या मुठीतून वाढलेलं सगळं, तीस वर्षं फिरून, तिच्याच हाताखालच्या नळीत येऊन थांबलं होतं. तिला यापेक्षा जास्त काही नको होतं. पाणी सोडण्यापूर्वी शेवटची नोंद तेवढी बघायची म्हणून तिने पारखेचा ‘कचरा’ उघडला.

पारख ही शिंपल्याखेकड्यांची पारखी. त्यांच्याहून बारीक जिवांच्या जनुकांचे तुकडे वाचताना सापडले तर ती ते वाचनातली गडबड समजून बाजूला टाकते. तसे तुकडे नेहमीच थोडे असतात. आज ते थोडे नव्हते, आणि सगळे एकसारखे होते. सुगंधाने थेंबाला रंग दिला आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काही अळ्यांच्या मऊ अंगात निळे गोल ठिपके बसले होते. एका पेशीचा परजीवी. असले परजीवी शिंपल्यांच्या अंगात शिरतात आणि एखाद्या जातीला काहीच करत नाहीत, तर शेजारच्या जातीचा फन्ना उडवतात. हा कोणता, ते तिला ओळखता आलं नाही; इथला नव्हता, तिकडच्याच पाण्यात त्यांच्या अंगात शिरला असणार. कदाचित निरुपद्रवी असेल. असेलच, असं तिने स्वतःला दोनदा सांगितलं.

त्याच वेळी ‘नूरा’चा मुख्य अधिकारी सही घ्यायला तराफ्यावर आला. जुमा त्याचं नाव. किझुवानीचाच, पस्तिशीचा, हसरा माणूस. पडद्यावर तिसरीचं चित्र होतं. ते बघून तो थबकला.

“ही तुमच्याकडे पण आहे?” त्याने इंग्रजीत विचारलं.

“ही आमचीच आहे,” सुगंधा म्हणाली.

“मग बाबू खोटं बोलत नव्हता तर!” जुमा खुशीत आला. “आमच्या बंदरावर एक म्हातारा इंडियन होता. बाबू म्हणायचे त्याला सगळे. त्याचं हॉटेल होतं, नारळाच्या रसात ही शिंपली शिजवायचा. लहानपणी आम्ही पैसे नसताना जाऊन बसायचो, आणि तो वाढायचा. म्हणायचा, ही मी माझ्या गावाहून आणली. आम्हाला वाटायचं, थापा मारतो. आमच्या बायका आता हीच वेचतात. आणि गंमत सांगतो मॅडम, पहिली मूठ त्या पाण्यात परत टाकतात. पाठ करून, अशी, खांद्यावरून. वळून बघत नाहीत. का, ते कुणाला माहीत नाही. बाबूने शिकवलं म्हणून.”

सुगंधाने टेबलाची कड घट्ट धरली. इतकी वर्षं न विचारलेला प्रश्न तिच्या ओठावर आला आणि तिने तो विचारला.

“आता कसा आहे बाबू?”

“गेला. दोन वर्षं झाली,” जुमा म्हणाला. “सगळा धक्का त्या दिवशी बंद होता.” मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू मावळलं. “तुमच्या ओळखीचा होता?”

“आमच्या गावचा,” ती म्हणाली. ‘माझे बाबा’ हे शब्द तिने कितीतरी वर्षांत कुणासमोर वापरलेच नव्हते. रडावं असं तिला फार वाटलं. पण सहीसाठी पेन हातात होतं, समोर परका माणूस होता, आणि निळे ठिपके डोळ्यांपुढून हलत नव्हते. तिने आवाज सावरून विचारलं, “जुमा, तुमच्याकडे कालवं आहेत? खडकावरची?”

“होती. आजोबांच्या वेळी खच होता म्हणे. ही शिंपली वाढली तशी ती गेली. दोन-तीन वर्षांत सगळी. रोग आला म्हणतात. हिला काही झालं नाही.”

बस. तिला हवा होता तो पुरावा मिळाला, आणि तो तिला नको होता.

तिच्याकडे वाटा फार नव्हत्या. रोगट अळ्या बंद टाकीत ठेवून निरोगी पिढी काढता येते, पण तशा विलगीकरणाची परवानगी दिल्लीहून यायला महिना लागतो, आणि अळी जगते पंधरा-वीस दिवस. परवानगीवाचून ठेवल्या, तर खारवणच्या प्रयोगशाळेचं सांडपाणी शेवटी खाडीतच जातं. किझुवानीहून निरोगी तिसरे आणावेत, तर तिथे निरोगी उरलेत की नाही कुणास ठाऊक. ती सगळं मनात पुनःपुन्हा फिरवून बघत होती, आणि दर वेळी चाळीसेक घरांतल्या कालवांच्या पाट्यांपाशी येऊन थांबत होती.

उन्हं कलायला लागली तसे मोंडकर कॅमेरेवाल्यांना घेऊन आले. धक्क्यावर बायका जमल्या होत्या. काही जणींनी नारळ आणले होते.

“मोंडकर साहेब, टाकी लाल करतेय,” सुगंधाने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं.

“काय?” मोंडकरांना वाटलं ती चेष्टा करतेय. तिने ठिपके दाखवले, जुमाचं बोलणं सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण नजर बाहेरच्या नारळांवर होती. “पण खात्री आहे का तुमची? शंभर टक्के?”

“नाही.”

“मग? कायदा सोडा म्हणतोय, यंत्र सोडा म्हणतंय, तुमचा जीवही सोडा म्हणत असणार. मला माहीत आहे ना, तुम्ही कुणाची मुलगी! किझुवानी काय मला ठाऊक नाही?” मोंडकरांचा आवाज उतरला. “सुगंधा, आपले आहेत गो ते.”

“आपले आहेत,” ती म्हणाली. “म्हणूनच यंत्र त्यांना थांबवत नाही. ते काम मला करायला लागतंय.”

तिने गळ्यातली किल्ली काढली आणि फिरवली. हिरवी फळी एका क्षणात लाल झाली. नळ्यांतून झोत सुटले, क्लोरीनचा उग्र वास तराफ्यावर पसरला, आणि पडद्यावरचा अळ्यांचा आकडा उतरू लागला. ती तो शून्यावर येईपर्यंत बघत उभी राहिली. मोंडकर बाहेर गेले आणि बायकांना काय सांगायचं ते त्यांनीच सांगितलं. तेवढा उपकार त्यांनी केला.

टेबलावर सकाळच्या नमुन्याची बरणी होती. तीतल्या अळ्या अजून गरगरत होत्या. बरणी कुणी मोजलेली नव्हती. सुगंधाने ती उजेडाकडे धरली. खिशात घालून घरी न्यावी आणि नुसती उशाशी ठेवावी, एवढाच विचार तिच्या मनात आला. सोडायची नाही, फक्त ठेवायची. मग तिला स्वतःच्याच मनाची भीती वाटली. आज उशाशी ठेवलेली बरणी उद्या आपण जांभळीच्या कडेला घेऊन जाऊ, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने क्लोरीनचा थेंब टाकला, तो पसरताना बघितलं, आणि तिथेच डोकं टेकून मनसोक्त रडली.

घरी आई नव्हती. खाडी ओसरायला लागली होती आणि चंद्राबाई जांभळीच्या कडेला, घोट्याएवढ्या पाण्यात कालवांच्या खडकापाशी होती. सुगंधा चपला हातात घेऊन चिखलातून तिच्यापर्यंत गेली. सांगावं कसं, याची तिने वाटभर जुळवाजुळव केली होती. त्यातलं काही लागलं नाही.

“नाय सोडलंस,” चंद्राबाई म्हणाली.

“रोग हुतो, आये. कालवां मेली असती. सगळी.”

“मगे बरां केलंस.”

पाणी खडकांवरून सळसळत उतरत होतं. सुगंधाने तिला हळूहळू बाकीचं सांगितलं. हॉटेल, नारळाचा रस, पैसे नसलेली पोरं, पाठ करून मूठ टाकणाऱ्या तिथल्या बायका. चंद्राबाई मान हलवत ऐकत राहिली, आपल्याच घरातल्या कुणाचं कौतुक ऐकावं तशी. सुगंधा थांबली. पुढचं वाक्य तिला जमेना.

“तिकडच्या बायका टाकतत,” चंद्राबाई म्हणाली. “म्हणजे आता तो टाकीत नाय.”

सुगंधाने मान खाली घातली.

“कधी?”

“दोन वर्सां झाली, आये.”

चंद्राबाईने कपाळाला हात लावला. कुंकवाशी बोट नेलं, पुसलं नाही, तसंच खाली आणलं. मग ती वाकली. कोयतीने खडकावरची कालवं सोडवली, ओंजळीत घेऊन धुतली आणि मूठ घट्ट मिटली. पाण्याकडे पाठ करून ती उभी राहिली, आणि इतक्या वर्षांनी, खांद्यावरून मागे, खाडीचा वाटा टाकला.

पाणी वाजलं.

मागे बघायचं नसतं. खारवणच्या कुठल्याही बाईने कधी बघितलं नव्हतं. चंद्राबाई सावकाश वळली आणि जिथे मूठ पडली होती तिथल्या पाण्याकडे, त्याच्याही पलीकडे, खाडीच्या मुखाकडे, डोळे भरून बघत राहिली.